प्रश्नाचे व्याकरण आणि ऑटो येस्पर्सन

मराठीत विधानाचा प्रश्न करावयाचा तर वक्त्याला फारसे श्रम पडत नाहीत. ‘तो आला’ या वाक्याच्या अंती ‘का’ जोडला, किंवा नुसता स्वर चढविला, की प्रश्न सिद्ध होतो. पदांची मांडणी जागची हलत नाही. संस्कृतात ‘किम्’ वा ‘अपि’ यांनी, हिंदीत ‘क्या’ने, बंगालीत ‘कि’ने आणि तमिळमध्ये शब्दान्ती लागणाऱ्या ‘आ’ने हेच कार्य साधते. इंग्रजीत मात्र असा निर्वाह होत नाही. ‘ही केम’ या विधानाचा प्रश्न ‘डिड ही कम’ असा होतो. ज्याला या ठिकाणी स्वतःचा काहीच अर्थ नाही असे ‘डू’ हे क्रियापद वाक्यारंभी येऊन बसते, भूतकाळाची खूण स्वतःकडे घेते आणि मूळ क्रियापद आपल्या उघड्या रूपात कर्त्याच्या मागे राहते. भारतातील शालेय विद्यार्थ्याला ही रचना नियम म्हणून पाठ करावी लागते. ती अशी का, याचे उत्तर त्याच्या पाठ्यपुस्तकात सहसा नसते.

या ‘का’चे उत्तर शोधण्यात ज्यांनी आयुष्याचा मोठा भाग वेचला, ते ऑटो येस्पर्सन हे जन्माने डेन्मार्कचे होते. इंग्रजी ही त्यांची मातृभाषा नव्हती. तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजीची जी मोठी व्याकरणे लिहिली गेली, त्यांत त्यांचे सप्तखंडात्मक व्याकरण अग्रस्थानी मानले जाते. त्याच काळातील इतर दोन विख्यात व्याकरणकार, हेंड्रिक पूट्समा आणि एट्स्को क्रॉइसिंगा, हे नेदरलँड्सचे होते हेही लक्षणीय आहे. आपली नव्हे अशी भाषा शिकणाऱ्याला त्या भाषेत जे खटकते ते तिच्या जन्मजात भाषकाच्या नजरेस सहसा येत नाही. येस्पर्सन यांचे चरित्र म्हणजे अशा खटकण्यातून शास्त्र कसे उभे राहते याचा एक वस्तुपाठ होय.

येन्स ऑटो हॅरी येस्पर्सन यांचा जन्म १६ जुलै १८६० रोजी जटलंड द्वीपकल्पातील रानर्स या गावी झाला. घराण्यात न्यायदानाची परंपरा होती. बालपणीच त्यांचे पितृछत्र हरपले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत मातेचाही मृत्यू झाला. शालेय वयातच रास्मुस रास्क या डॅनिश पंडिताची व्याकरणे त्यांच्या हाती पडली आणि परकीय भाषा स्वतःच्या बळावर वाचण्याचा नाद त्यांना जडला. रास्क यांचे नाव भारतीय वाचकाला अगदीच अपरिचित नसावे. जर्मानिक भाषांतील व्यंजने आणि ग्रीक-लॅटिनमधील व्यंजने यांच्यातील नियमबद्ध संबंध त्यांनी १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात दाखविला होता. पुढे ते इराणमार्गे १८२० मध्ये मुंबईस आले आणि या प्रवासातून त्यांनी अवेस्ता व पाली वाङ्मयाची हस्तलिखिते कोपनहेगनला नेली. संस्कृतचे ‘कः’ आणि इंग्रजीचे ‘हू’ ही दोन प्रश्नवाचक सर्वनामे एकाच मुळातून निघाली आहेत, ही गोष्ट रास्क आणि त्यांच्यानंतर याकोप ग्रिम यांनी प्रस्थापित केलेल्या याच ध्वनिनियमाने उलगडते.

कुलपरंपरेला अनुसरून येस्पर्सन यांनी १८७७ मध्ये कोपनहेगन विद्यापीठात कायद्याचा अभ्यास आरंभिला. सुमारे चार वर्षे तो केल्यावर त्यात आपले मन रमत नाही हे त्यांनी ओळखले आणि ते भाषांकडे वळले. चरितार्थासाठी या काळात त्यांनी डॅनिश संसदेत, म्हणजे फोल्केटिंगमध्ये, लघुलिपी-लेखकाचे काम केले. सभासदांची प्रश्नोत्तरे आणि वादविवाद जसेच्या तसे टिपून घेणे हे त्या कामाचे स्वरूप. लिखित भाषेहून बोलीव भाषा निराळी असते, ती अपुऱ्या वाक्यांनी, स्वराच्या चढउतारांनी आणि मध्येच तोडलेल्या रचनांनी चालते, ही जाणीव त्यांच्या पुढील सर्व लेखनात आढळते. तिची बीजे या कामात रुजली असावीत असे मानण्यास जागा आहे.

विद्यापीठात त्यांना दोन थोर गुरू लाभले. विल्हेल्म थॉमसेन हे त्यांतील एक. दुसरे कार्ल व्हर्नर; यांनी वैदिक संस्कृतातील स्वराघातांच्या आधारे जर्मानिक व्यंजनांच्या अपवादांचा उलगडा केला होता. रास्क आणि ग्रिम यांच्या नियमात जे अपवाद वाटत होते, ते अपवाद नसून अधिक सूक्ष्म नियमाची उदाहरणे आहेत हे व्हर्नर यांनी दाखविले. अपवादाला भाषेचा लहरीपणा न समजता त्याचे कारण शोधावयाचे, ही दृष्टी येस्पर्सन यांनी या परंपरेतून घेतली. १८८७ मध्ये त्यांनी पदवी घेतली ती फ्रेंच हा मुख्य विषय घेऊन. इंग्रजी त्यांना तेव्हा दुय्यम होती.

या सुमारास युरोपात भाषाशिक्षणाच्या सुधारणेची चळवळ उभी राहिली होती. विल्हेल्म फीटॉर यांनी १८८२ मध्ये टोपणनावाने लिहिलेल्या एका पुस्तिकेत व्याकरणाचे नियम आणि सुटी वाक्ये घोकून घेण्याच्या पद्धतीवर हल्ला चढविला होता. फेलिक्स फ्रांके या समवयस्क जर्मन तरुणाने याच विचाराची मानसशास्त्रीय बाजू मांडली. येस्पर्सन यांनी त्याची पुस्तिका डॅनिश भाषेत आणली आणि दोघांत पत्रव्यवहार सुरू झाला. १८८६ मध्ये फ्रांके क्षयाने निवर्तला. दोघांची भेट कधीच झाली नाही. परंतु भाषा ही माणसामाणसांतील व्यवहार आहे, ती बोलणारा आणि ऐकणारा या दोघांना धरूनच समजून घेतली पाहिजे, या विचाराचे ऋण येस्पर्सन यांनी आयुष्यभर मानले. त्याच वर्षी स्कँडिनेव्हियन सहकाऱ्यांसह त्यांनी शिक्षणसुधारणेसाठी एक मंडळ स्थापन केले. पॅरिसमधील ध्वनिशास्त्रज्ञ पोल पासी यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी सर्व भाषांना पुरेल अशा एकाच ध्वनिलिपीची सूचना केली तीही १८८६ मध्येच. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा पहिला आराखडा दोन वर्षांनी, १८८८ मध्ये, प्रसिद्ध झाला.

१८८७-८८ मध्ये येस्पर्सन यांनी इंग्लंड, जर्मनी आणि फ्रान्स या देशांचा प्रवास केला. इंग्लंडमध्ये हेन्री स्वीट यांची भेट झाली. बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीचे शास्त्रशुद्ध वर्णन करणारे ते अग्रगण्य पंडित होते. प्रवासात असतानाच थॉमसेन यांनी त्यांना इंग्रजीचा विशेष अभ्यास करण्याचा सल्ला दिला, कारण कोपनहेगनचे इंग्रजीचे अध्यासन लवकरच रिक्त होणार होते. हे अध्यासन भूषविणारे जॉर्ज स्टीफन्स हे जन्माने इंग्रज असून रूनिक शिलालेखांचे संग्राहक म्हणून त्यांची ख्याती होती. १८९१ मध्ये इंग्रजीतील विभक्तींवर प्रबंध लिहून येस्पर्सन यांनी डॉक्टरेट मिळविली आणि १८९३ मध्ये ते स्टीफन्स यांच्या जागी प्राध्यापक झाले. अशा रीतीने एका इंग्रजाची गादी एका डॅनिश तरुणाकडे आली, आणि १९२५ पर्यंत ती त्यांच्याकडे राहिली.

वर्गात उभे राहिल्यावर प्रश्नरचनेचा विषय त्यांच्यापुढे अटळपणे आला असणार. डॅनिश भाषेत विधानाचा प्रश्न करण्यासाठी क्रियापद सरळ कर्त्याच्या आधी नेतात. ‘हान कोमर’ म्हणजे ‘तो येतो’. ‘कोमर हान’ म्हणजे ‘तो येतो का’. जर्मनमध्येही हीच रीत आहे, आणि जुन्या इंग्रजीतही हीच होती. मराठी विद्यार्थ्याला इंग्रजी प्रश्नात पदे हलवावी लागतात याचे नवल वाटते; डॅनिश विद्यार्थ्याला नवल वाटते ते याचे की, सरळ हलविता येणारे क्रियापद न हलविता ‘डू’ या तिऱ्हाइताला मध्ये का घ्यावे. दोघांच्या चुकाही त्यामुळे निराळ्या होतात. मराठी विद्यार्थी ‘व्हाय यू आर गोइंग’ असे म्हणून पदक्रम तसाच ठेवतो, आणि एकदा व्युत्क्रम शिकला की ‘आय डू नॉट नो व्हेअर इज ही’ असे म्हणून तो अप्रत्यक्ष प्रश्नातही घालतो, जेथे इंग्रजीला तो चालत नाही. शिकणाऱ्याची चूक त्याच्या मातृभाषेच्या घडणीतून येते. भाषा मातृभाषेतील अनुवादाच्या कुबड्यांवर न शिकविता प्रत्यक्ष वापरातून शिकवावी या मताच्या मुळाशी हे निरीक्षण आहे. १९०१ मध्ये डॅनिशमध्ये आणि १९०४ मध्ये ‘हाउ टु टीच अ फॉरिन लँग्वेज’ या नावाने इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात येस्पर्सन यांनी या मताचा पुरस्कार केला. वाचलेल्या उताऱ्यावर शिक्षकाने त्याच भाषेत प्रश्न विचारावेत, आणि पुढे विद्यार्थ्यांनीही ते विचारावेत, यावर त्यांचा भर होता. प्रश्न विचारण्याची पाळी विद्यार्थ्यावर आली म्हणजे नियम त्याच्या जिभेवर उतरतो.

तत्पूर्वी, १८९४ मध्ये, त्यांचे ‘प्रोग्रेस इन लँग्वेज’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. आउगुस्ट श्लायखर प्रभृती एकोणिसाव्या शतकातील पंडितांच्या मते संस्कृत, ग्रीक, लॅटिन या विभक्तिप्रचुर भाषा हे भाषाविकासाचे शिखर असून आधुनिक भाषा हा त्यांचा ऱ्हास होता. येस्पर्सन यांनी हा निर्णय उलटा केला. विभक्तिप्रत्यय झडले, रूपे कमी झाली, नियमितता वाढली आणि कर्ता कोण व कर्म कोणते हे पदक्रमावरून कळू लागले, तर ती प्रगती होय. कारण थोड्या श्रमात अधिक अर्थ पोचतो. १९०५ मध्ये आलेल्या ‘ग्रोथ अँड स्ट्रक्चर ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ या ग्रंथात इंग्रजीचा इतिहास याच दृष्टीने सांगितला आहे. या ग्रंथाला फ्रान्समधील व्होल्ने पारितोषिक मिळाले, आणि भारतीय विद्यापीठांतील इंग्रजीच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना येस्पर्सन हे नाव प्रथम याच ग्रंथामुळे परिचित झाले.

‘अ मॉडर्न इंग्लिश ग्रामर ऑन हिस्टॉरिकल प्रिन्सिपल्स’ या महाग्रंथाचा पहिला खंड १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो ध्वनी आणि वर्णलेखन यांविषयी आहे. इंग्रजी दीर्घ स्वरांच्या पंधराव्या शतकापासून चाललेल्या सामूहिक स्थित्यंतराला आज रूढ झालेले नाव त्यांनी याच खंडात दिले. पुढील खंड १९१४, १९२७, १९३१, १९४० आणि १९४२ मध्ये आले. जन्मजात भाषकाला जे अंतर्ज्ञानाने कळते, त्याची उणीव येस्पर्सन यांनी वाचनाने भरून काढली. कादंबऱ्या, नाटके, निबंध, पत्रे यांतून त्यांनी स्वतः टिपलेल्या वाक्यांच्या चिठ्ठ्यांचा प्रचंड संग्रह हा या व्याकरणाचा पाया होय. लॅटिनच्या साच्यात इंग्रजी बसविणाऱ्या शालेय व्याकरणांत काय बोलावे याचे दंडक असत. येस्पर्सन यांनी लोक काय बोलतात आणि पूर्वी काय बोलत होते याची नोंद केली व तिच्यावरून कारणे शोधली.

‘डू’चे स्पष्टीकरण या पद्धतीचे उत्तम उदाहरण आहे. येस्पर्सन यांच्या मते इंग्रजी प्रश्नात दोन प्रवृत्तींचा संघर्ष झाला. जर्मानिक परंपरेने क्रियापद कर्त्याच्या आधी येणे हे प्रश्नाचे लक्षण होते. परंतु विभक्ती झडल्यावर कर्ता आधी, क्रियापद नंतर आणि कर्म त्यानंतर हा क्रम अर्थबोधासाठी आवश्यक होऊन बसला. क्रियापद पुढे नेले तर कर्ता आणि कर्म शेजारी येऊन घोटाळा होण्याचा संभव. न नेले तर प्रश्नाची खूण नाहीशी होते. ‘डू’मुळे दोन्ही हेतू साधले. काळ आणि पुरुष यांची खूण वाहणारे व्याकरणिक क्रियापद कर्त्याच्या आधी आले आणि अर्थ वाहणारे खरे क्रियापद कर्त्याच्या नंतर, आपल्या नित्याच्या जागी राहिले. ‘कॅन’, ‘विल’, ‘मस्ट’ यांसारखी साहाय्यक क्रियापदे वाक्यात असतील तेथे ही विभागणी आधीच झालेली असते. म्हणून तेथे ‘डू’ लागत नाही. ‘हू केम’ या प्रश्नात तर प्रश्नवाचक शब्द हाच कर्ता असून तो आधीच आरंभी आहे. म्हणून तेथे व्युत्क्रम नाही आणि ‘डू’ही नाही. विद्यार्थी ज्यांना अपवाद म्हणून पाठ करतो ते सर्व येथे एकाच तत्त्वाखाली येतात. ‘डू’च्या उगमाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, सोळाव्या-सतराव्या शतकांत ‘डू’ असलेली आणि नसलेली प्रश्नवाक्ये एकाच लेखकाच्या लेखनात आढळतात, आणि सुमारे १७०० पर्यंत प्रश्नांत ‘डू’ बहुतांशी स्थिरावला. स्वीडिश पंडित आल्व्हार एलेगॉर्ड यांनी १९५३ मध्ये या प्रसाराची आकडेवारीने छाननी केली.

‘हू’ आणि ‘हूम’ यांच्या वादातही त्यांनी याच दृष्टीने निवाडा केला. ‘हू डिड यू सी’ या प्रश्नात ‘हू’ हे कर्म आहे. तेव्हा ‘हूम’ हवे असा शालेय व्याकरणांचा आग्रह. येस्पर्सन यांनी दाखविले की, इंग्रजीत क्रियापदापूर्वीची जागा ही कर्त्याची जागा झाली आहे. तेथे येणाऱ्या शब्दाला भाषक सहजच कर्त्याचे रूप देतो. भाषकाच्या ज्या प्रयोगाला चूक म्हटले जाई, त्याच्यामागे भाषेचीच अंतर्गत व्यवस्था काम करीत होती.

१९१७ मध्ये त्यांनी इंग्रजी व इतर भाषांतील नकारावर एक प्रबंध प्रसिद्ध केला. नकाराचा शब्द कालांतराने दुबळा होतो, त्याला बळ देण्यासाठी दुसरा शब्द जोडला जातो, आणि शेवटी हा दुसरा शब्दच नकाराचा वाहक बनून पहिला गळून पडतो, असा क्रम त्यांनी अनेक भाषांत दाखविला. फ्रेंचमधील ‘न’ हे अव्यय, त्याला येऊन मिळालेला ‘पा’ आणि बोलीव फ्रेंचमध्ये एकटाच उरलेला ‘पा’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. १९७९ मध्ये ओस्टेन डाल यांनी या क्रमाला येस्पर्सन यांचे चक्र असे नाव दिले आणि ते रूढ झाले. इंग्रजीत या प्रवासाच्या ओघात ‘आय से नॉट’ची जागा ‘आय डू नॉट से’ने घेतली. नकार मुख्य क्रियापदाच्या आधी येण्यासाठीही त्याच ‘डू’ने वाट करून दिली. प्रश्न आणि नकार हे व्याकरणग्रंथांतील दोन स्वतंत्र प्रकरणांचे विषय; येथे ते एकाच यंत्रणेने जोडलेले दिसतात.

१९२४ मधील ‘द फिलॉसफी ऑफ ग्रामर’ हा त्यांचा तात्त्विक ग्रंथ. ‘वाहती नदी’ आणि ‘नदी वाहते’ यांत शब्द तेच असले तरी पहिल्यात दोन कल्पना मिळून एकच नाव होते, तर दुसऱ्यात एका कल्पनेविषयी दुसरीचे विधान होते. या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीला येस्पर्सन ‘नेक्सस’ म्हणतात. मराठीत तिला अन्वय म्हणता येईल. या भेदावर त्यांनी प्रश्नांचे वर्गीकरण उभारले. ‘तो आला का’ या प्रश्नात ‘तो’ आणि ‘येणे’ या दोन्ही कल्पना ज्ञात आहेत. संशय आहे तो त्यांच्या अन्वयाविषयी, आणि उत्तर होय किंवा नाही असे येते. हे अन्वय-प्रश्न. ‘कोण आले’ यात येण्याविषयी संशय नाही. एक पद तेवढे अज्ञात आहे. बीजगणितातील समीकरणात अज्ञात राशीला ‘क्ष’ म्हणतात, त्यावरून येस्पर्सन यांनी यांना क्ष-प्रश्न म्हटले. इंग्रजीत सामान्यतः पहिल्या प्रकारात स्वर अंती चढतो, दुसऱ्यात उतरतो. आपल्या साहित्यशास्त्रातील काकूची आठवण येथे होते. स्वराच्या विकाराने अर्थ पालटतो हे भारतीय मीमांसकांना ठाऊकच होते, पण येस्पर्सन यांनी त्या स्वराची सांगड प्रश्नाच्या तार्किक प्रकाराशी घातली.

त्याच ग्रंथात त्यांनी प्रश्नाविषयीच्या प्रश्नाचाही विचार केला. एकाने ‘तू काय करतोस’ असे विचारावे, आणि दुसऱ्याने आश्चर्याने ‘मी काय करतो?’ असे परत विचारावे. येथे दुसरा क्ष शोधीत नाही; हाच प्रश्न तू मला विचारतोस का, असे तो विचारतो. म्हणून रूप क्ष-प्रश्नाचे असूनही तो खरोखर अन्वय-प्रश्न ठरतो आणि इंग्रजीत त्याचा स्वरही चढतो. रूप आणि प्रयोजन यांतील असा विसंवाद नाट्यसंवादांच्या अभ्यासकाला पदोपदी भेटतो. हीच मांडणी १९३३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या ‘इसेन्शल्स ऑफ इंग्लिश ग्रामर’मध्ये सुलभ रूपात आली, आणि महाव्याकरणाच्या १९४० मधील पाचव्या खंडात नकार व प्रश्न यांचा विस्तृत विचार झाला.

येस्पर्सन यांना कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेचेही आकर्षण होते. १९०७ मध्ये पॅरिस येथे अशी भाषा निवडण्यासाठी भरलेल्या समितीचे ते सभासद होते. तिच्या कामातून एस्पेरान्तोची सुधारलेली आवृत्ती म्हणून इदो ही भाषा पुढे आली. १९२८ मध्ये त्यांनी स्वतःची नोव्हियल ही भाषा मांडली. येथे एक मौजेची गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. एस्पेरान्तोमध्ये विधानाच्या आरंभी ‘चु’ ठेवला की प्रश्न होतो, आणि इदोमध्ये ‘का’. मराठीच्या ‘का’शी इदोच्या ‘का’चा काही संबंध नाही, साम्य केवळ योगायोगाचे आहे. पण भाषा मुद्दाम घडविण्याची संधी मिळाली तेव्हा या भाषांच्या कर्त्यांनी इंग्रजीचा व्युत्क्रम किंवा ‘डू’ स्वीकारला नाही. भारतीय भाषांना परिचित असलेला अव्ययाचा साधा मार्ग पत्करला.

येस्पर्सन यांच्या प्रगतिसिद्धान्ताची मर्यादा याच ठिकाणी उघडी पडते. थोडक्यात आणि नियमितपणे अर्थ पोचविणे हा प्रगतीचा निकष मानला तर प्रश्नरचनेत मराठी वा तमिळ इंग्रजीच्या पुढे आहेत असे म्हणावे लागेल. विभक्ती सोडून इंग्रजीने जे ओझे उतरविले, त्याचा काही भाग पदक्रमाच्या आणि ‘डू’च्या रूपाने तिला पुन्हा उचलावा लागला; येस्पर्सन यांचेच विवेचन हे सिद्ध करते. ज्या भाषेवर त्यांनी प्रेम केले तिच्या घडणीला त्यांनी सर्व भाषांचे माप मानले, असा आक्षेप त्यांच्यावर घेता येतो. इंग्रजी ही पुरुषी भाषा आहे हे त्यांचे मत, आणि १९२२ च्या ‘लँग्वेज’ या ग्रंथातील स्त्रियांच्या भाषेविषयीचे त्यांचे प्रकरण, यांवरही पुढील काळात रास्त टीका झाली. त्यांची निरीक्षणे बहुधा टिकली. निरीक्षणांवरून त्यांनी काढलेले मूल्यनिर्णय तितके टिकले नाहीत.

१९२०-२१ मध्ये येस्पर्सन कोपनहेगन विद्यापीठाचे रेक्टर होते. १९२५ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्यांचे लेखन थांबले नाही. सत्तराव्या वाढदिवसानिमित्त, १९३० मध्ये, देशोदेशींच्या विद्वानांनी त्यांना गौरवग्रंथ अर्पण केला. १९३४ पासून ते हेल्सिंगॉर येथे मानाने मिळालेल्या निवासस्थानी राहत होते. १९३६ मध्ये कोपनहेगनला भरलेल्या भाषाशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे ते अध्यक्ष होते, आणि १९३८ मध्ये त्यांनी डॅनिश भाषेत आत्मचरित्र प्रसिद्ध केले. एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्याने डेन्मार्क व्यापला. इंग्लंडशी येणारा संपर्क तुटला, पण इंग्रजीच्या व्याकरणाचे काम त्या व्याप्त देशात चालूच राहिले. सहावा खंड १९४२ मध्ये सहकाऱ्यांच्या साहाय्याने बाहेर पडला. १९४१ मध्ये भाषिक परिवर्तनातील कार्यक्षमतेवर लिहिलेल्या एका छोट्या ग्रंथात ते पुन्हा आपल्या तरुणपणच्या प्रगतिसिद्धान्ताकडे वळले होते. ३० एप्रिल १९४३ रोजी रॉस्किल्ड येथे त्यांचे निधन झाले. सातवा खंड निल्स हाइसलुंड यांनी पूर्ण केला. तो १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९५७ मध्ये नोम चॉम्स्की यांनी ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’मध्ये ‘डू’चा प्रश्न नव्याने हाताळला. व्युत्क्रमामुळे क्रियापदापासून तुटलेल्या कालप्रत्ययाला आधार हवा म्हणून ‘डू’ येतो, असे त्यांचे विवेचन होते. इतिहासाचा आश्रय न घेता केलेली ही मांडणी येस्पर्सन यांच्या मांडणीहून भिन्न असली, तरी काळाची खूण वाहणारे एक पद आणि अर्थ वाहणारे दुसरे पद अशी फोड दोन्हींत आहे. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात चॉम्स्की यांनी येस्पर्सन यांच्या व्याकरणविषयक तत्त्वचिंतनाकडे अभ्यासकांचे लक्ष पुन्हा वेधले. अन्वय-प्रश्न आणि क्ष-प्रश्न ही नावे मागे पडून त्यांच्या जागी दुसऱ्या संज्ञा आल्या. भेद मात्र तोच राहिला.

भारतात आपल्या मातृभाषेहून निराळ्या भाषेचा आणि तिच्या वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांच्या अधिकाराविषयी शंका घेतली जाते आणि पुष्कळदा ते स्वतःही ती घेतात. येस्पर्सन यांनी या शंकेला वादाने उत्तर दिले नाही. पन्नासहून अधिक वर्षे ते परभाषेची वाक्ये टिपत राहिले, आणि जन्मजात भाषक ज्याचा कधी विचारही करीत नाही त्या ‘डू’ला तो येथे कशासाठी आला हे त्यांनी विचारले. परक्या भाषेत जे खटकले त्याला दोष न मानता त्याचे कारण शोधले तेथे त्यांचे काम पक्के झाले. इंग्रजीची घडण हेच माप धरून त्यांनी इतर भाषांची प्रगती ठरविली तेथे ते चुकले. एकाच पंडिताच्या आयुष्यातील या दोन्ही गोष्टी परभाषेच्या अभ्यासकाने बरोबर ध्यानात ठेवाव्यात अशा आहेत.